मानपत्राचा बळी

१

लुडोल्फ हार्निश चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली आला, तेव्हा अंगणात त्याच्याच कारखान्यातले कामगार त्याच्यासाठी गात होते. त्याचा साठावा वाढदिवस होता. गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेपासून दोन हातांवर तो पडला. मागच्या रांगांना काही दिसलं नव्हतं. पुढचे गप्प झाले तरी मागचे शेवटचं कडवं पूर्ण करूनच थांबले.

मी फोल्कमार एबेलिंग. महायुद्धाला अजून दोन वर्षं होती आणि मी लाइपझिगच्या पोलिसांत कमिसार, म्हणजे तपास अधिकारी होतो. आमचं अर्धं शहर तेव्हा शिशाच्या अक्षरांवर जगत होतं. कुणी ती ओतायचं, कुणी जुळवायचं, कुणी त्यांनी पुस्तकं छापायचं. या सगळ्या अक्षरांचा मूळ आराखडा काढणारी माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत हार्निशचं नाव पहिलं. दुकानाच्या पाटीपासून बायबलपर्यंत त्याचं अक्षर होतं. अशा माणसानं वाढदिवसाच्या टेबलावरून उठून खिडकीतून उडी मारली म्हटल्यावर मला वरिष्ठांनी घोडागाडीनं पिटाळलं.

टेबल तसंच होतं. कॉफीचे अर्धे प्याले, कापलेला केक. घरात तिघं होती. हार्निशची बायको ओटोलीना, हार्निश जिथे काम करायचा त्या अक्षरं ओतण्याच्या कारखान्याचा मालक आडेलबेर्ट फाल्केनराथ आणि प्रेटोरियस नावाचा तरुण चित्रकार, जो दोन वर्षांपासून हार्निशच्या हाताखाली अक्षरं काढत होता. फाल्केनराथ रुमालानं मान पुसत होता. प्रेटोरियस भिंतीला टेकून उभा होता. ओटोलीना खुर्चीत ताठ बसली होती आणि केकचा सांडलेला चुरा बोटानं गोळा करत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीच झालं नाही हो," फाल्केनराथ म्हणाला. "कारखान्यातर्फे मानपत्र दिलं. चामड्याच्या पाकिटात घालून. मी उभा राहून भाषण केलं. त्यानं पाकीट उघडलं, आणि कागदाकडे बघत राहिला. वाचत नव्हता, कमिसार. एखादं ओळखीचं माणूस दारात दिसावं तसा बघत होता. मग म्हणाला, 'हे कुठून आलं?' तो उठला, आपल्या खोलीत गेला, दार लावलं. आम्हाला वाटलं, गहिवरून आलं असेल."

मानपत्र टेबलाखाली पडलं होतं. मी उचलून वाचलं. मजकूर साधा होता. आज तुमच्या साठाव्या जन्मदिनी आम्ही सारे तुमच्यापुढे नतमस्तक आहोत. तुमच्या हातून उतरलेल्या अक्षरांचं सौंदर्य कुणी विसरणार नाही. तुमचं घर, तुमचे सहकारी आणि हे नगर तुमचं ऋणी राहील.

यात मरण्यासारखं काय होतं? मी दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा नकळत प्रत्येक ओळीपाशी थांबत गेलो. का, ते सांगता येईना. मी कागद आमच्या हवालदार डीट्झकडे दिला. डीट्झ म्हणजे जाडा, आनंदी माणूस, बिअर आणि सॉसेजवर जगणारा. तो खोल्या बघून नुकताच आला होता.

"मोठ्यानं वाच," मी म्हटलं.

डीट्झ वाचायला लागला. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज खाली आला. तिसऱ्या ओळीला त्यानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली.

"टोपी का काढलीस?" मी विचारलं.

त्यानं काखेकडे पाहिलं. "कळलं नाही साहेब. निघाली."

२

दुसऱ्या दिवशी मी फाल्केनराथच्या कारखान्यात गेलो. दारावर नाव, जिन्यावर नाव, पाण्याच्या पेल्यावरसुद्धा नाव. त्याच्या मागे भिंतीवर त्याच्या आजोबांचं तैलचित्र होतं आणि चित्राखाली पुन्हा नाव.

"भाषणात तुम्ही काय म्हणालात?"

"मानपत्रातलंच वाचलं. माझ्या खिशात प्रत होती." त्यानं ती काढून दिली. हातानं लिहिलेली. मी वाचू लागलो. 'जिवलग मित्रा, आजचा हा आनंदाचा सोहळा...' पुढे फाल्केनराथ घराण्याची कीर्ती, हार्निशचे अपार परिश्रम, पुन्हा फाल्केनराथ.

मी चामड्याच्या पाकिटातला कागद त्याच्यापुढे ठेवला. तो चष्मा लावून वाचू लागला आणि शेवटापर्यंत जाऊन पुन्हा वरून शोधू लागला.

"माझं नाव कुठंय?"

"तेच विचारायचं होतं."

"हे आमचं नाहीच, कमिसार. आम्ही हार्निशच्याच नव्या अक्षरात छापलं होतं. चांगलं हसरं, रुंद अक्षर आहे ते, लग्नपत्रिकांना विकतो आम्ही. हे बघा, किती बारीक, किती मिटलेलं. कधीतरी पाहिल्यासारखं वाटतंय. वाढदिवसाला असलं अक्षर कोण लावेल? हे म्हणजे बँडवाल्यांना प्रेताच्या खोलीत उभं करून वाजवायला लावण्यासारखं झालं."

"पाकिटात कागद कुणी घातला?"

"कारखान्यात आम्ही घातला. आदल्या दुपारी पाकीट तयार झालं, संध्याकाळी हार्निशच्या घरी पाठवलं. सकाळी घाई नको म्हणून."

"आणि मजकूर? तो आधी कुणी पाहिला होता?"

"मी लिहिला. प्रेटोरियसनं पाहिला. फ्राऊ हार्निशकडेही, म्हणजे त्याच्या बायकोकडे पाठवला होता, घरच्या गोष्टी नीट आहेत ना म्हणून. त्यांनी काही न बदलता परत दिला."

प्रेटोरियसला मी त्याच्या टेबलाशीच गाठलं. हार्निशची खुर्ची त्यानं आधीच आपल्या टेबलामागे ओढली होती.

"लवकर केलंत," मी खुर्चीकडे बघून म्हटलं.

"ती जास्त आरामाची आहे." तो लाजला नाही. "म्हाताऱ्याला जायचंच होतं, कमिसार. अशा तऱ्हेनं जायला नको होतं, एवढंच. माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, पण हे अक्षर मी कधी बघितलेलं नाही. बघितलं असतं तर चोरलं असतं. इतकं सुंदर आहे."

"सुंदर?"

"भयंकर सुंदर. बघा ना, प्रत्येक अक्षर मान खाली घालून उभं आहे. टोकं आहेत, पण घासून मऊ केलेली. ओळींत जागा इतकी सोडलीये की वाचणारा आपोआप हळू होतो. एखादा हुशार माणूस हातात कागद देऊन तुम्हाला रडवू शकतो तो असा. यात वाण्याची यादी छापली तरी तुम्ही साबणासाठी रडाल."

"कुणी काढलं असेल?"

"काढणारा एकच, हार्निश. पण कागदावर काढलेलं अक्षर पोलादात कोरावं लागतं, मग त्याचा साचा, मग शिसं. असं नाजूक कोरणारा आमच्याकडे एकच आहे, आमचा मुख्य कोरणारा. काश्पार ओम. काल गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत होता. म्हातारा त्याच्यासमोरच पडला."

३

काश्पार ओम खिडकीशी बसून भिंगातून पोलादाच्या कांडीवर अक्षर कोरत होता. चाळिशीच्या आतला, पण मान एका बाजूला कायमची कललेली. मी कागद पुढे केला. त्यानं बघितलं आणि हातातली कोरणी खाली ठेवली. अलगद, आवाज न करता.

"ओळखतोस?"

"मी कोरलंय, साहेब. नऊ वर्षं झाली."

"कशासाठी?"

"गिझेलाच्या मृत्युपत्रिकेसाठी. हार्निशसाहेबांची मुलगी."

आमच्याकडे घरात कुणी गेलं की काळ्या चौकटीची पत्रिका छापून नातेवाइकांना धाडतात. हार्निशनं आपल्या एकुलत्या मुलीच्या पत्रिकेसाठी नवं अक्षरच काढलं होतं. काश्पार थांबत थांबत सांगत गेला. लहान अक्षरं सगळी कोरली, मोठ्यांतली जवळजवळ सगळी. त्या एका पत्रिकेपुरते खिळे ओतले. छपाईच्या धंद्यात शिशाच्या सुट्या अक्षराला खिळाच म्हणतात.

"पत्रिका गेली आणि बोभाटा झाला. छपाईच्या एका मासिकानं ती नमुना म्हणून छापली. फाल्केनराथसाहेब म्हणाले, पूर्ण करा, आपण विकू. हार्निशसाहेबांनी दोन-चार अक्षरांचे आराखडे दिलेच नाहीत. मग एक दिवस म्हणाले, सगळं मोडून टाका. साचे मी स्वतः हातोड्यानं फोडले. खिळे त्यांच्या घरी होते, ते फ्राऊ हार्निश डब्यात घालून घेऊन आल्या आणि भट्टीत ओतले. मी बघितलं."

"खिळे बघितलेस?"

"डबा बघितला. शिसं ओतताना बघितलं."

"मुलगी कशानं गेली?"

"पत्रिकेत लिहिलं होतं, अल्पशा आजारानं." त्यानं कोरणी परत उचलली. "एल्स्टर नदीत सापडली. एकोणीस वर्षांची होती. आमचं लग्न व्हायचं होतं. साहेबांना पसंत नव्हतं."

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. फाल्केनराथ आत आला, मागे निम्मा कारखाना. माझ्या सांगण्यावरून डीट्झ कामगारांचे खण तपासत होता. त्यानं काश्पारच्या टेबलाचा खालचा खण ओढला. चिंध्यांखाली सिगारची पेटी होती. पेटीत खिळे होते. त्यानं एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. खिळ्यावर ताजी काळी शाई होती.

"मला माहीत नाही," काश्पार म्हणाला. "ही पेटी माझी नाही."

कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे त्या पेटीकडे बघत होते.

४

फाल्केनराथनं त्याला तिथेच कामावरून काढलं. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला.

"अजून काही सिद्ध झालेलं नाही."

"माझ्या कामगारांना हे सांगा," तो म्हणाला.

काश्पार कोट घालून बाहेर पडला, तेव्हा एक म्हातारा ओतारी त्याच्या बुटांवर थुंकला. काश्पारनं बूट पुसले नाहीत, तसाच गेला.

सगळं इतकं जुळत होतं की मला त्याचाच कंटाळा येत होता. प्रेयसी मेली, बापानं नको म्हटलं होतं, प्रियकरानं नऊ वर्षं डूख धरला. मुलीच्या मरणाच्या अक्षरात बापाला मानपत्र दिलं. वरिष्ठ म्हणाले, "झालं की मग, एबेलिंग." कोर्टात मात्र काय उभं राहणार होतं? कुणाच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता.

घरी मी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी मांडले. फाल्केनराथच्या हातचा आणि छापलेला. छापणाऱ्यानं बहुतेक वाक्यं जशीच्या तशी ठेवली होती, पण काही शब्द गाळले होते. मी ते एकाखाली एक लिहून काढले. मित्र. आनंद. सोहळा. परिश्रम. फाल्केनराथ. आधी वाटलं, दुष्टपणा. वाढदिवसाच्या कागदातून मुद्दाम मित्र काढला, आनंद काढला. मग मी तेच शब्द आमच्या भाषेत मोठ्यानं म्हटले. फ्रॉइंड. फ्रॉइडे. फाइअर. फ्लाइस. फाल्केनराथ.

आमच्या लिपीत प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं लिहितात. हे सगळे शब्द मोठ्या 'एफ'नं सुरू होतात. छापलेल्या कागदात मोठा 'एफ' एकदाही नव्हता.

सकाळी मी काश्पारच्या खोलीवर गेलो. तो पलंगावर बूट घालूनच बसला होता.

"हार्निशनं कुठल्या अक्षरांचे आराखडे दिले नव्हते?"

"क्यू, एक्स, वाय. त्यांची कुणाला फारशी गरज नसते." त्यानं आठवून बघितलं. "आणि एफ. मालकांच्या नावाचं पहिलं अक्षर. साहेब म्हणाले, 'त्याचं नाव या अक्षरात छापलं जाणार नाही.' "

"आराखडा नसताना तू तो एफ कोरू शकशील? बाकीच्या अक्षरांत मिसळून जाईल असा?"

"बाकीची समोर असतील तर अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मग कर."

त्यानं विचारलं नाही कशासाठी. पेटी मी बरोबर आणली होती. संध्याकाळी तो पोलीसठाण्यात आला. पोलादाची कांडी, त्यावरून ठोकलेला तांब्याचा साचा आणि ओळखीच्या एका ओताऱ्याकडून गुपचूप ओतून आणलेला खिळा. आम्ही त्याचा ठसा कागदावर घेतला आणि मी तो कागद प्रेटोरियसला नेऊन दाखवला. त्यात एकच शब्द होता, आनंद.

"यातलं नवीन अक्षर कुठलं?" मी विचारलं.

प्रेटोरियसनं भिंग लावलं, कागद उजेडाला धरला, उलटा केला. "नवीन? सगळं एकाच हातचं आहे." मग म्हणाला, "एवढ्या दुःखी अक्षरात आनंद छापलेला पहिल्यांदा बघतोय."

माझं उत्तर मला मिळालं होतं. ज्याला हे अक्षर कोरता येतं त्याला एफ नसल्याची काय पर्वा? काश्पारनं तो अर्ध्या दिवसात कोरला असता आणि मित्र, आनंद, सगळं जागच्या जागी ठेवलं असतं. प्रेटोरियसनं मासिकातला नमुना बघून बनवलं असतं, तरी त्याला कोरणारा लागलाच असता, आणि कोरणाऱ्याला एफही देता आला असता. फाल्केनराथनं आपलं नाव स्वतःच्या हातानं गाळणं मला शक्य वाटत नव्हतं, आणि तो तर सर्वांसमोर गाळलेले शब्द मोठ्यानं वाचत उभा होता. कागदात काय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ज्यानं छापलं त्याच्याकडे जुने खिळे होते आणि ते जुळवायची माहिती होती, पण नवं अक्षर घडवायची कला नव्हती. म्हणून त्यानं अक्षरांप्रमाणे मजकूर कापला. मजकूर त्याच्या हाती आधीच आला होता. रात्रभर पाकीट त्याच्या घरात होतं. आणि डीट्झनं पहिल्या दिवशी खोल्या बघितल्या तेव्हा एक गोष्ट सांगितली होती, जिच्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. हार्निशच्या खोलीत सगळीकडे धूळ होती, फक्त नमुने छापायचं छोटं हातयंत्र रॉकेलनं लख्ख पुसलेलं होतं.

मी प्रेटोरियसला शेवटचं विचारलं, "वाढदिवसाच्या दिवशी, गाणाऱ्यांची गर्दी जमायच्या आधी, कारखान्यात बाहेरचं कोण आलं होतं?"

"बाहेरचं कुणी नाही. फ्राऊ हार्निश सकाळी लवकर केक देऊन गेल्या, प्रत्येकाच्या टेबलावर एकेक तुकडा. चांगली बाई आहे. इथंच खिळे घासायचं आणि जुळवायचं काम करायच्या म्हणे, लग्नाआधी."

५

"बसा, कमिसार," ओटोलीना हार्निश म्हणाली. "केक उरलाय. वाढदिवसाचाच आहे."

मी बसलो. तिनं खरंच केक वाढला आणि कॉफी ओतली. काळा पोशाख तिला चांगला दिसत होता. मी एफची गोष्ट सांगितली. ती केकच्या कडा सुरीनं नीट करत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मित्र हा शब्द जाताना मला बरं वाटलं. आनंदासाठी मात्र बराच वेळ घालवला. दुसरा शब्द सापडेना."

"का केलंत?"

"मेलेल्या मुलीशेजारी मी एकटी बसले होते. भिंतीपलीकडे लुडोल्फ तिच्यासाठी अक्षर काढत होता. मी म्हटलं, ये, तिचा हात धर. म्हणाला, येतो. शवपेटी बंद करायला माणसं आली तेव्हा मी दार वाजवलं. आतून म्हणाला, 'थांब, तिच्या नावातला ग अजून बसत नाहीये.' माणसं तरी किती थांबणार? तो बाहेर आला तेव्हा पेटीला खिळे ठोकून झाले होते."

तिनं माझ्या प्याल्यात दूध घातलं.

"मग पत्रं यायला लागली. मुलीबद्दल एक ओळ, अक्षराबद्दल एक पान. काय नजाकत, काय संयम. लुडोल्फ ती मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. जेवताना वाचायचा. एके दिवशी वाचता वाचता थांबला. कुठल्या शब्दापाशी थांबला कुणास ठाऊक. त्यानं मला डबा आणून दिला आणि म्हणाला, वितळवून ये."

"म्हणजे त्यांना उमगलं."

"उमगलं. आणि लगेच वितळवून मोकळं व्हायचं होतं. मी भट्टीत दुसरंच शिसं ओतलं."

"आणि नऊ वर्षं थांबलात?"

"त्याचं कौतुक व्हायची वाट बघत होते. तेच शब्द, तसलंच कौतुक, पण या अक्षरात."

"ते उडी मारतील हे माहीत होतं तुम्हाला?"

"नाही. मला वाटलं, रडेल. सगळ्यांसमोर, केक कापायच्या वेळी." ती माझ्याकडे बघत राहिली. "मला पश्चात्ताप झालाय असं ऐकायला आला असाल, तर कॉफी संपवा आणि जा."

"आणि काश्पार? त्यानं काय केलं होतं?"

पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "त्यानं सांगितलं असेल, साहेबांना पसंत नव्हतं. हो ना? लुडोल्फनं त्याला विचारलं होतं, मुलगी हवी की मुख्य कोरणाऱ्याची जागा. त्यानं विचार करायला एक रात्र मागितली. ती रात्रभर माझी गिझेला बाहेर जायचे कपडे घालून याच खुर्चीत बसली होती. सकाळी त्यानं जागा घेतली. ती नदीवर गेली. आणि मग त्याच जागेवर बसून त्यानं तिच्या पत्रिकेची अक्षरं कोरली. एकही रेघ चुकली नाही त्याची."

मी केक खाल्ला नव्हता. तिनं माझी ताटली उचलली.

"न्या मला," ती म्हणाली. "पण काय लिहाल? नवऱ्याला शुभेच्छा दिल्या म्हणून?"

६

सरकारी वकिलानं माझी कागदपत्रं वाचली आणि तो हसला. "एबेलिंग, मजकुरात वाईट शब्द दाखव. एक दाखव. मग बोलू. शुभेच्छा कुठल्या वळणाच्या अक्षरात द्याव्यात याचं कलम मला माहीत नाही."

"आणि ओमच्या खणात ठेवलेली पेटी?"

"तिच्या घरातले खिळे तिनं कारखान्यात नेऊन ठेवले. बरं मग?"

मी फाल्केनराथकडे गेलो. काश्पार निर्दोष आहे, हे त्याला पटवून दिलं. त्यालाही पटलं.

"तरी परत घेता येणार नाही," तो म्हणाला. "माझ्या लोकांसमोर हार्निश मेलाय. त्यांना कुणावर तरी थुंकायचं होतं, थुंकून झालं. आता मी त्यांना सांगू, की बायकोनं केलं? ती बाई त्यांना केक देऊन गेली होती."

काश्पारला मी सगळं सांगितलं. "ती रात्र मी सांगितली नाही तुम्हाला," तो म्हणाला. "बरोबर आहे त्यांचं." त्याच आठवड्यात तो हाम्बुर्गला गेला. तिथं पिठाच्या पोत्यांवर शिक्के मारायचं काम मिळालं, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

हार्निशच्या मृत्यूची जाहिरात ओटोलीनानं वर्तमानपत्रात दिली. माझी बायको हेर्मीना सकाळी पेपर उघडून आधी हसली आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला. जाडजूड, फुगलेलं, गाल फुगवून उभं असलेलं अक्षर होतं ते. साबणाच्या आणि मिश्यांच्या तेलाच्या जाहिरातींना लावतात तसलं. शब्द अगदी रीतसर होते, प्रिय पती, अपरिमित दुःख. पण ते वाचून गावात कुणाला चेहरा सरळ ठेवता आला नाही. दफनाच्या वेळी धर्मगुरूनं नाव घेतलं, तेव्हा प्रेटोरियसला खोकल्याचं निमित्त करून मागे जावं लागलं. ओटोलीना कबरीपाशी शांत उभी होती. एवढं प्रसन्न मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती एकदाच मला भेटायला ठाण्यात आली, शरद ऋतूत. आल्या आल्या तिनं एक चकचकीत घडीपत्रक माझ्या टेबलावर उलगडलं. फाल्केनराथ कारखान्याचं नवं अक्षर. शोकपत्रिकांसाठी खास, स्वर्गीय लुडोल्फ हार्निश यांची अप्रकाशित निर्मिती. वर मोठ्या अक्षरांत नाव होतं, 'गिझेला'. खाली पूर्ण वर्णमाला. प्रत्येक आकारातली किंमत आणि घाऊक खरेदीवर सूट.

मी पेटी पुरावा म्हणून ठेवली होती. खटला झाला नाही, तेव्हा नियमाप्रमाणे कारखान्याचा माल कारखान्याकडे गेला. एफही त्यात गेला. त्या खिळ्यांवरून त्यांनी नवे साचे घेतले आणि राहिलेले क्यू, एक्स, वाय प्रेटोरियसनं काढले.

"थांबवा हे," ती म्हणाली. हातमोजे काढायचंही तिला सुचलं नव्हतं. "माझ्या मुलीचं नाव आहे. वजनावर विकतायत."

"अक्षर कारखान्याचं आहे, फ्राऊ हार्निश."

"कायद्यात काहीतरी असेल."

"अक्षराबद्दल कायद्यात काही नाही," मी म्हटलं. "वकिलानं मला सांगितलंय. तुमच्याच वेळी."

तिनं ती वर्णमाला एकेक अक्षर करत पाहिली. मग एका अक्षरावर बोट ठेवलं.

"हे नव्हतं. हा एफ कुणी कोरला?"

"काश्पारनं."

"त्याला तर हाकललं होतं. कुणी सांगितलं त्याला कोरायला?"

"मी."

तिनं मान हलवली. रागानं नाही, कुणी हिशेब समजावून दिल्यावर हलवतात तशी.

"सुंदर झालाय," ती म्हणाली, आणि पत्रक माझ्या टेबलावर ठेवून निघून गेली.